बसवलेली मडम

९ फेब्रुवारी, सोमवार

पोचले एकदाची कौडगीरला! उदगीरहून निघालेली एसटी मधेच पंक्चर झाली, मग टमटममध्ये एका शेळीच्या शेजारी बसून आले. शेळीनं ओढणीचं टोक खाल्लं. तरी मूड एकदम झकास.

दोन वर्षं नांदेडच्या अभ्यासिकेत बसून बसून पाठीचा पार भुगा झाला होता. करिश्मा, एम.ए. इतिहास, काम शून्य. आता काम आहे. निजामाच्या काळात इथं फौजेची छावणी होती अन् तिच्यावरचे अंमलदार गोरे. त्यातले जे इथंच मेले त्यांचं कब्रस्तान गावाबाहेरच्या माळावर आहे. गाव त्याला गोरा माळ म्हणतं. एका संस्थेनं मला ते साफ करून घ्यायला अन् नोंदी करायला पाठवलंय. मार्चमध्ये त्या गोऱ्यांचे कोण खापरपणतू विलायतेतून बघायला येणार आहेत. तोवर प्रत्येक कबरीचा फोटो, मजकूर, माप. बस. ना पूर्वपरीक्षा, ना मुख्य परीक्षा, ना मुलाखत.

खोली अमृतराव अन् शिवगंगाकाकूंच्या घरी. पुढं त्यांचं किराणा दुकान, मागं अंगण, अंगणात माझी खोली. दोघंच असतात. लिंगायत घर, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, अन् बोलणं असं की अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं. मी दारात पाय ठेवला न ठेवला तोच अमृतरावांनी विचारलं, ऊटा आयता? मी म्हणलं, हो, करिश्मा. दोघं जे हसले! जेवण झालं का असं विचारून राहिले होते ते. मग भाकरी, येसराची आमटी, शेंगाची चटणी. काकू वाढतच राहिल्या. एवढीशी खाऊन माळ कशी चढशील म्हणे.

सुकन्याताईला फोन केला. ताई मुखेडला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. आईबाप गेल्यापासून तिनंच मला वाढवलं, म्हणून तिला प्रत्येक गोष्टीत अक्कल शिकवायचा हक्क आहे. पाणी उकळून पी, म्हणली. अन् मेलेल्यांच्या नादी लागून जित्या माणसांशी बोलायला विसरू नको.

१० फेब्रुवारी, मंगळवार

गोरा माळ बघितला. करडईच्या शेतांमधून वाट जाते. करडई फुलात आहे, दिसायला नारिंगी रांगोळी, पण काटे सलवारीला सोडत नाहीत. माळावर दगडी भिंत, निम्मी पडलेली. आत कडुनिंब. काही कबरी चौथऱ्यासारख्या, एक देवळाच्या कळसासारखी उंच, अन् कोपऱ्यात लेकरांच्या. इतक्या बारक्या की पाय पडला तर कळणार नाही. मजकूर वाचत गेले. तापानं गेला. पटकीनं गेली. जन्मला अन् त्याच दिवशी गेला. राज्य करायला आले म्हणा का पोटासाठी आले म्हणा, पण समुद्रापलीकडून येऊन या माळावर पडून राहिले. थोडं वाईट वाटलं. थोडंच.

गवत काढायला गावातल्या देविदासला लावलंय. तोंडाळ माणूस. मॅडम, ह्यांना साफसफाई कशाला पायजे, उठून कुठं लग्नाला जाणार हायेत का, असं दिवसभर चालू. पण हात चालतो. सगळं चकाचक केलं. फक्त भिंतीजवळची एक कबर सोडली. माणसाच्या लांबीची काळी फरशी, वर मोठ्या निंबाची सावली, अन् फरशीवर बोराटीच्या काट्यांचा हा ढीग. हे बी काढ म्हणलं तर विळा खाली ठेवून लांब जाऊन उभा राहिला. ते काटे अमृतरावांच्या घरचे हायेत म्हणे, दरसाल तेच टाकतात, त्यांच्या काट्याला मी हात लावत न्हाई.

काट्याला बी मालक असतो हे नवीनच ऐकलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अमृतरावांना विचारलं. ते साखर तोलून राहिले होते. आधी काटा थांबू दिला, पुडी बांधली. मग म्हणले, आमच्या घरचा रिवाज हाय, आमच्या आज्याच्या आज्यापासून. कारण सांगितलं तर तुम्ही शिकलेले लोक हसताव, म्हणून सांगत न्हाई. फोटो काढायचा तर काढा, दिवस मावळायच्या आत काटे होते तसे टाका. फरशीवर बसा, उभं राहा, नाच करा हवं तर. फक्त आंग टाकू नका. आडवं व्हायचं न्हाई.

मी म्हणलं, काका, कबरीवर कोण झोपतं?

ते म्हणले, सावली लई चांगली पडती तिथं.

विळ्यानं काटे ओढून काढले. बोटं रक्तानं भरली. पण अक्षरं काय सुंदर निघाली! हॅरिएट. कॅप्टनसाहेबाची बायको. वय बावीस. अन् खाली एकच ओळ, की ती इथं निजली आहे, तिला शांत निजू द्या.

बोराटी निम्मी मोडली होती. संध्याकाळी परत टाकायला हात धजले नाहीत. तसंही संस्थेला स्वच्छ फोटो पाहिजेत. टाकते एकदोन दिवसात.

१४ फेब्रुवारी, शनिवार

लिहू का नको? लिहिते, मजेशीर आहे.

देविदास बाजाराला गेला, मी एकटीच माप घेऊन राहिले होते. दुपारी धपाटे खाल्ले. ऊन मी म्हणून राहिलं होतं अन् माझी पाठ, ती तर विचारूच नका. निंबाची सावली नेमकी त्या काळ्या फरशीवर. हात लावून बघितला, माठासारखी गार. अमृतराव आठवले. हसू आलं. बाविशीची एक बाई, दीडशे वर्षांपूर्वी मेलेली, ती काय माझ्याकडून भाडं मागणार? पाठ टेकली. टेकल्याबरोबर असं वाटलं, की खालूनबी कुणीतरी माझ्यासारखाच लांब श्वास सोडला.

झोप लागली. इतकी गाढ झोप लहानपणानंतर लागली नव्हती.

जाग आली तेव्हा मी बसलेली होते. फरशीवर, पद्मासनात. शाळेत योगाच्या तासाला मला ते कधीच जमलं नव्हतं. दोन्ही तळपाय वर आलेले, पाठ ताठ, डावा हात मांडीवर उघडा, तळवा आकाशाकडं. कुणाला तरी काहीतरी मागून राहिल्यासारखा.

पाय हातानं उचलून सोडवले. थोड्या मुंग्या. बाकी काही नाही. पाठ मात्र मुळीच दुखत नाही!

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. घर पाहुण्यांनी, बेलानं, धुपाच्या वासानं भरलेलं. मी बी उपास केला. पूजेला काकूंच्या शेजारी बसले ती हललेच नाही. काकूंनी दोन बायकांना दाखवलं, बघा गं, नांदेडची पोर पण बसणं कसं आपल्या घरच्यासारखं. मला बरं वाटलं.

सकाळी उठले ते पलंगावर बसलेलीच उठले, हे त्यांना सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज बी. अन् पाय सुटायला वेळ लागला. मी गंमत म्हणून दुपारी एक प्रयोग केला, पाय ओढणीनं पलंगाच्या दांडीला बांधून पडले. डोळा लागला अन् उघडला. ओढणी फाटून खाली पडलेली. मी बसलेली. डावा हात उघडा.

डोळे मिटले की एक जागा दिसून राहिली आहे. समोर हातभर अंतरावर मातीची भिंत. कुदळीच्या खुणा. डोक्यावर काहीतरी जड. निंबाचं एक बारीक पांढरं मूळ माझ्या गुडघ्याकडं येऊन राहिलं आहे.

माळावर गेले तर फरशीभोवतीची माती खचलेली. गोल खड्डा नाही, लांबट. डोक्यापासून पायापर्यंत एक माणूस मावेल अशी. देविदासनं ती माती बघितली, मग माझ्याकडं बघितलं, अन् पहिल्यांदाच गंमत केली नाही. आडव्या झालतात का, एवढंच विचारलं. मी हो म्हणलं. त्यानं विळा तिथंच टाकला अन् भिंतीवरून उडी मारून गावाकडं गेला. दार असताना भिंतीवरून गेला.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अमृतराव सकाळीच माळावर जाऊन आले. नवीन बोराटी तोडून फरशी झाकून आले. दुकान उघडलं नाही. जेवले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् काढला.

मग काकूंनी सांगितलं. अंगणात तांदूळ निवडत, माझ्याकडं न बघता.

तेव्हा छावणीला दाणागोटा ह्यांच्याच घरून जायचा. ह्यांची कुणी पणजी-खापरपणजी अन् ती मडम, दोघींचा जीव जडला होता. भाषा कळत नव्हती, तरी बसायच्या म्हणे तासन् तास, शेंगा सोलत. साहेब बंडखोरांच्या मागं फौज घेऊन गेलेला अन् पटकी आली. छावणीतले चाकर पळाले. मडम पणजीच्या मांडीवर गेली. आता मातीचं कोण बघणार? पाद्री नाही, साहेब नाही. त्या घरानं सगळं मायेनं केलं, आपल्या माणसाचं करतात तसं. आंघोळ घातली, विभूती लावली, खड्डा काढला, त्यात तिला बसवलं.

मी विचारलं, बसवलं म्हणजे?

काकूंनी मग बघितलं माझ्याकडं. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणल्या, बसवतातच ना माय. आमचं माणूस बसून जातं. मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, नजर तिथं लावून. पण ती तर मडम. तिला कुठलं लिंग? हातात काय द्यावं ते कुणालाच कळलं न्हाई म्हणे. रिकामाच राहिला हात.

साहेब आला तेव्हा माती होऊन गेली होती. त्यानं हैदराबादेहून ही लांब फरशी आणून टाकली. त्याच्या हिशोबानं ती खाली पाय पसरून झोपलेली. ह्यांच्या हिशोबानं बसलेली. ना त्यानं विचारलं, ना ह्यांनी सांगितलं. सांगण्यासारखं काय होतं त्यात? माणूस मेलं की बसतं, हे काय सांगायची गोष्ट हाय का?

आमच्या माणसाला बसायची सवय असते गं, काकू म्हणल्या. जन्मभर पूजेला बसतो आम्ही. तिला नव्हती. तिचे पाय अवघडले असतील की.

म्हणून तिला आडवं व्हायचं असतं, म्हणे. अन् ती आडवी झाली, तर तिच्या जागी कुणीतरी बसावं लागतं.

मी हसले नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पाय आता दिवसाबी सुटत नाहीत. सकाळी काकू अन् मी मिळून ओढले. तेल लावलं, शेकलं. एक पाय मांडीवरून थोडा सरकला अन् सोडला तसा परत जागेवर आला. रबर ओढून सोडावं तसा.

अमृतरावांनी टेंपोत घालून उदगीरला नेलं. मला मांडीसकट उचलून खुर्चीत ठेवलं. लोक बघून राहिले होते. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, फोटो काढला, रक्त घेतलं. हाडं ठीक, नसा ठीक. टेन्शन आहे का म्हणला. लग्नाचं बघून राहिले का घरचे. गोळ्या दिल्या. लातूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हणला, त्याची तारीख पुढच्या महिन्यातली.

येताना मी अमृतरावांना म्हणलं, काका, मागं फिरवा, मला नांदेडला सोडा, आत्ताच्या आत्ता. त्यांनी खरंच गाडी वळवली. पण गाव जसं मागं पडत गेलं तशी छाती आवळत गेली, श्वास नुसता घशापर्यंत. तोंडात माती आल्यासारखं झालं. अमृतरावांनी माझा चेहरा बघितला अन् परत वळवली. कौडगीरची कमान लागली तेव्हा श्वास आला.

रडले. बसूनच.

२१ फेब्रुवारी, शनिवार

एक साधी गोष्ट कुणाला सुचली कशी नाही? कबर उघडायची. तिला नीट आडवं ठेवायचं. तिच्या पद्धतीनं. संपलं.

अमृतराव ऐकून घेतात. मग हळू आवाजात म्हणतात, बसवलेलं माणूस उकरत न्हाईत लेकरा. आमच्यात ते पाप तर हायच, पण ते बी केलं असतं तुझ्यासाठी. माझ्या बापानं केलं होतं. त्यानं खणलं. खाली काही सापडलंच न्हाई. फक्त भिंती, अन् खाली बसायची जागा. देवळाची पायरी नसती का घासून गेलेली, तशी गुळगुळीत.

त्यांच्या बापानं का खणलं होतं ते मी विचारलं नाही. आज नाही.

संस्थेला फोन लावला. म्हणलं तब्येत बिघडली आहे, कबरीत घोटाळा आहे, उघडून बघायला लागेल. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग थंड आवाजात म्हणल्या, परवानगीशिवाय कुदळ लावलीत तर आम्ही तुम्हाला ओळखत नाही. नोंदी पाठवून द्या, पुढचं दुसरं कुणी बघेल.

२२ फेब्रुवारी, रविवार

व्यंकट. अमृतरावांचा थोरला भाऊ. पैजेवर झोपला होता त्या फरशीवर, पोरांपोरांत. त्याच्यासाठी खणलं होतं.

आज मीच विचारलं. अमृतराव म्हणले, एक उपाय हाय, तुला सांगायचा नव्हता. दुसरं कुणी तिथं आडवं झालं की पहिल्याचे पाय सुटतात. आमची आई निघाली होती फरशीवर झोपायला. व्यंकटनं तिचं लुगडं धरलं, म्हणला, जाशील तर मी पाय सुटल्या सुटल्या विहिरीत उडी मारीन. मग कुणी गेलं न्हाई. सुगी संपेपर्यंत टिकला. गेला तेव्हा मांडी घालायची गरज पडली न्हाई. तो गेला अन् माती परत वर आली, फरशी उचलली गेली. ती परत बसली.

काकू मधेच म्हणल्या, आपण म्हातारी माणसं, मी जाते ना. अमृतराव म्हणले, तू गेलीस तर तुझ्यामागं मी जाईन, मग दुकानात साखर कोण तोलेल? दोघं हसले. एकमेकांकडं बघून. मी दोघांना माझ्या गळ्याची शपथ घातली. काकूंकडून दोनदा घेतली.

शपथ घातली तेव्हा मनात आत कुणीतरी, माझ्याच आवाजात, म्हणलं, जाऊ दे की त्यांना.

ते इथं लिहून ठेवते. नाही लिहिलं तर मी चांगली वाटेन.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काकू न्हाऊ घालतात. भरवतात. पाठीला उशी लावतात पण पाठ टेकतच नाही. पाठीला टेकायचंच नाही. उजवा हात चालतो. डावा मांडीवर. मिटला की उघडतो. मिटला की —

झोप म्हणजे काय ते आता फक्त आठवतं. डोळे मिटले की ती भिंत. मूळ गुडघ्यापाशी आलंय. काल नव्हतं एवढं जवळ.

मला फक्त एकदा आडवं व्हायचंय. एकदा. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन, पाय मग लांब, मग परत पोटाशी. लोक रोज हे करतात अन् त्यांना कळत बी नाही.

२४ फेब्रुवारी

ताईचे फोन. उचलले नाहीत. आवाजावरून ओळखेल ती.

ताईला कळता कामा नये. ताईला नाही.

आज बोराटी आहे का फरशीवर ते बघून या, म्हणलं. देविदास जाऊन आला. खोलीच्या दारातूनच सांगितलं, हायेत, काटे हायेत, मी आणखी टाकले. मग तिथंच उभा राहिला. मॅडम, मी गंमत करत होतो त्या दिवशी, उठून जाणार हायेत का म्हणलो ते... मनात धरू नका. मी म्हणलं, नाही धरलं. तो गेला नाही.

माती ओली लागते मांडीखाली. गादीवर आहे मी. गादी कोरडी आहे.

२५ फेब्रुवारी

काकूंनी ताईला फोन केला. माझ्या मोबाईलवरून, मी डोळे मिटलेली असताना. शपथ फरशीवर न झोपायची होती, म्हणे, फोन न करायची नव्हती. लेकीसारखी हायेस, तुझ्या माणसाला कळायला नको?

चिडता बी येत नाही. त्यांचं बरोबर आहे.

ताई रात्रपाळी करून सकाळी निघेल. मुखेडहून उदगीर. उदगीरहून —

तिला काही सांगायचं नाही. टेन्शन आहे, म्हणायचं. डॉक्टर बी तेच म्हणला.

२६ फेब्रुवारी, सकाळ

ताई आली. आल्या आल्या माझी मांडी बघितली अन् तिचा चेहरा — तसा चेहरा मी तिचा आईच्या वेळी बी बघितला नव्हता. मग लगेच नर्स झाली. नाडी, डोळे, तळपायाला पेनाचं टोक. दुखतं का? दुखतं. मग पाय जिता आहे. हे डोक्यातलं आहे, करे. डोक्यातलं बरं होतं. आम्ही रोज बघतो असले पेशंट.

अंबुलन्स बोलावते म्हणली. मी नको म्हणलं. का नको? गावाबाहेर मला श्वास येत नाही. का येत नाही?

अन् मी सांगितलं.

सगळं नाही. उपाय नाही सांगितला. देवाशपथ, उपाय नाही सांगितला. एवढंच म्हणलं की मी एका कबरीवर झोपले होते, ताई, तू काहीबी कर पण तिकडं जाऊ नको, त्या फरशीवर आडवी होऊ नको.

हेच नव्हतं म्हणायचं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं, शाळेत मी पाटी हरवून आले की बघायची तसं. म्हणली, म्हणजे ह्या लोकांनी तुझ्या डोक्यात हे भरवलंय, एम.ए. झालीस ना गं तू? आता मी काय करते बघ. जाते, त्या फरशीवर झोपते मस्त तासभर, तसंही रात्रभर जागी आहे मी. अन् परत येते चालत, माझ्या दोन पायांनी. मग तरी तुझं डोकं ठिकाणावर येईल का नाही?

मी ओरडले. ओढणी धरली तिची, उजव्या हातानं. तिनं बोटं एकेक करून सोडवली, हळू, पेशंटची सोडवतात तशी. गालाला हात लावला. आलेच, म्हणली.

काकू मागं धावल्या. त्यांचे गुडघे — अमृतराव उदगीरला, माल आणायला. देविदास, देविदासला हाका मारून राहिले आहे मी, आवाज अंगणाच्या बाहेर जात नाही.

फोन लावते. उचलत नाही. कापून राहिली आहे माझा.

अंग झोकून बघितलं. पलंगावरून खाली पडले. बसलेलीच पडले. बसलेलीच आहे.

२६, दुपार

अजून नाही आली.

काकू परत आल्या. वाटेतच दम लागला, म्हणे, करडईत बसून राहिल्या, आता देविदासला बघायला गेल्या.

मेसेज. ताईचा. फोटो आहे.

बोराटी काठीनं बाजूला सारलेली. फरशी. तिचे दोन पाय, चप्पल काढून, लांब केलेले. निंबाची सावली पायांवर. खाली लिहिलंय, बघ, काही झालं का मला? लई गार आहे गं. जरा झोपते.

लावून राहिले. रिंग जाते. रिंग जाते. ताई उठ. उठ ना —

अंगठा हलला.

माझा. उजव्या पायाचा अंगठा.

नाही. नको. नको नको

बोटं. टाच खाली आली. मी काही केलं नाही, आपोआप. कमळ उमलावं तसं — घाण वाटते हे लिहायला — पण तसंच. गुडघा सुटला. दुसरा. डावा हात मिटला.

पाय सरळ. दोन्ही. फरशीवर, माझ्या खोलीच्या साध्या शहाबादी फरशीवर, लांब. दिसून राहिलेत.

रिंग जाऊन राहिली आहे.

मला माहीत आहे काय करायचं. उठायचं, माळावर जायचं, ताईला बाजूला करायचं अन् तिच्या जागी पडायचं. मग ती सुटेल. जाते. व्यंकटनं आईला जाऊ दिलं नाही. मी बी नाही. मी जाते.

उभं राहता येतं. भिंत धरून. दोन पावलं टाकली. बसले परत. नाही, बसले नाही, पडले. पाय इतके थकलेत. पाय लांब करून पडले, खाली गार आहे, अन् पाठ — पाठ खाली टेकली गं ताई, पूर्ण, मानेपासून —

उठते. आत्ता उठते. लिहून झालं की लगेच. रिंग थांबली. तिनं उचलला का? का संपली?

जाते ताई. नक्की जाते. एवढी कूस वळते, एकदाच, गुडघे पोटाशी घेते अन् मग उठ